ओळखदार

रोज सकाळी साडेनऊला, चहा-चपाती झाली की निळकंठराव तोडकर दिवाणखान्यातल्या टेबलामागे जाऊन बसत, धोतराच्या सोग्याने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत, लेजर पेपरचा एक ताव पुढ्यात ओढत आणि समोर उभ्या असलेल्या बाईला म्हणत, "या, बसा. आपलं नाव?"

"रत्नप्रभा निळकंठ तोडकर."

"वय?"

"सदुसष्ट."

"धंदा?"

"घरकाम."

"हं. बोला, काय लिहायचंय?"

समोरची बाई म्हणजे त्यांची स्वतःची बायको. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली. पण निळकंठरावांच्या लेखी ती कुठून तरी लांबून आलेली एक पक्षकार होती, आणि आपण अजून कऱ्हाडच्या कचेरीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून दस्त लिहितोय, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्या शेडमध्ये त्यांनी अडतीस वर्षं काढली होती. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं, मुखत्यारपत्रं. अर्ध्या तालुक्याची शेवटची इच्छा त्यांच्या हातून कागदावर उतरली होती. "तोडकर रायटरचा दस्त" म्हटलं की वकीलही दोनदा विचार करत, कारण त्यात बोट घालायला जागा सापडायची नाही.

पहिल्या दिवशी नवऱ्याने "आपलं नाव?" विचारलं तेव्हा रत्नप्रभाबाईंनी न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडून घेतलं होतं. त्यानंतर काही दिवस त्या चिडल्याही. पण महिन्याभरात त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि त्या चमकल्याच. सगळ्या गावाला "तुमची इच्छा काय?" विचारणाऱ्या या माणसाने त्यांना ते कधी विचारलं नव्हतं. घराचा रंग, पोरीचं नाव, अंगणातलं झाड, सगळं नवऱ्याने ठरवावं आणि बायकोने मान डोलवावी. त्यात दुष्टावा काही नव्हता. लोहाराच्या घरी विळा बोथट असतो, तसलाच प्रकार. आता मात्र रोज सकाळी साडेनऊला, चष्मा पुसून, पेन उघडून, हा माणूस आपल्या तोंडाकडे बघत बसतो आणि आपण बोलेपर्यंत थांबतो!

आधी त्या चाचपडल्या. मग बोलू लागल्या. अंगणात पारिजातक नको होता, चाफा हवा होता. मला पोहायला शिकायचं होतं. ऋतुजाचं नाव मला मुक्ता ठेवायचं होतं. निळकंठराव गंभीरपणे सगळं लिहून घेत आणि मग खर्जात वाचून दाखवत, "सबब लिहून देणार यांची राजीखुशीने व अक्कलहुशारीने अशी इच्छा आहे की, अंगणात चाफ्याचे झाड असावे व त्यास कोणीही हरकत घेऊ नये." वाचून झालं की कागदाच्या तळाशी उरलेल्या कोऱ्या जागेवर एक तिरपी, ठाम रेघ ओढत. कोरी जागा सोडायची नाही, नाही तर मागाहून कोणीही त्यात काहीही घुसडेल, हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा होता.

असे दोनशेवर कागद कपाटाच्या खणात साठले होते. आणि खरं सांगायचं तर रत्नप्रभाबाई इतक्या सुखात कधीच नव्हत्या. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी ते सांगितलंही नव्हतं.

आता गुरुवारी तिसरी चाचणी होती. ती चुकली की निळकंठरावांना या घरातून नेणार होते. आणि नेणारे दुसरेतिसरे कोणी नव्हते, खुद्द निळकंठरावच होते.

*

हे कसं, ते सांगायला पाच वर्षं मागे जायला हवं.

त्या वेळी मनोमुद्रेचा कायदा नवा होता. निळकंठराव तेव्हा पूर्ण भानावर होते आणि त्यांना तो कायदा फार आवडला होता. जेवताना ते बायकोला समजावून सांगत.

"हे बघ रत्ना, मृत्युपत्र बोलतं माणूस मेल्यावर. मुखत्यारपत्र बोलतं माणूस शुद्धीत आहे तोवर. त्याची अक्कल गेली की मुखत्यारपत्रही गेलं. मग जिवंत आहे पण अक्कल नाही, अशा माणसाचं काय? त्याच्या वतीनं कोण बोलणार? पोरं? पुतणे? अडतीस वर्षं बघतोय मी त्यांना. म्हाताऱ्याचा अंगठा धरून कागदावर दाबतात की गं!"

मनोमुद्रेने ती मधली फट बुजवली होती. शास्त्र म्हटलं तर सोपं होतं. डोक्यावर एक टोपी घालायची. तिच्यातून अगदी सौम्य प्रकाशकिरण कवटीतून आत जातात आणि मेंदूच्या पुढच्या भागात रक्त कुठे, किती धावतंय ते टिपतात. मग माणसाला छोटे छोटे प्रसंग वाचून दाखवायचे. तुम्हाला गिळता येत नाहीये, नळी घालायची का? मुलगी नोकरी सोडून सेवेला येते म्हणतेय, येऊ द्यायची का? माणूस काय उत्तर देतो त्यापेक्षा तो कुठे अडखळतो, कशाच्या विरुद्ध काय तोलतो, हे यंत्र शिकत जातं. नऊ बैठका, चौदाशे प्रसंग. शेवटी त्या माणसाच्या निर्णयाचा एक ठसा तयार होतो. पुढे माणसाची सक्षमता गेली की तो ठसा त्याचा कायम मुखत्यार होतो आणि त्याच्याच आवाजात बोलतो. त्याला ना लोभ, ना कंटाळा, ना सुनेचा धाक.

ठसा खरा उतरला का, हे बघायला दोनशे प्रसंग बाजूला काढून ठेवलेले असत. निळकंठरावांच्या ठशाने त्यातल्या एकशे अठ्ठ्याऐंशी प्रसंगांत त्यांचं उत्तर बरोबर ओळखलं. गंमत म्हणून तेच दोनशे प्रसंग रत्नप्रभाबाईंनाही दिले, "तुमचे मिस्टर काय म्हणतील ते सांगा" म्हणून. त्यांची एकशे एकवीसच जुळली. निळकंठराव खो खो हसले होते. "बघ, नऊ बैठकांचं यंत्र तुला भारी पडलं!"

आणखी एक गोष्ट होती. नोंदणी झाली की मुद्रा गोठवायची. कारण पुढे त्या माणसाचं मत बदललं, तर ते बदललेलं मत की आजार, हे ठरवायचं कसं? मेंदूच्या तज्ज्ञांना ते छातीठोकपणे सांगता आलं नाही, म्हणून कायद्याने आपल्यापुरतं सोपं उत्तर काढलं: अक्कल गेल्यानंतरचं मत मोजायचंच नाही.

निळकंठरावांना हे पटलं. पटण्याजोगं कारणही होतं. त्यांच्या आईला हाच आजार होता आणि त्या माउलीने सुनेची नऊ वर्षं खाल्ली होती. सून तिला चोर वाटायची. रत्नप्रभाबाईंच्या मनगटावर म्हातारीने चावल्याचा वण अजून आहे. निळकंठराव तेव्हा रोज कचेरीत जाऊन बसत आणि संध्याकाळी घरी येऊन खाली मान घालून जेवत. त्यांच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही. पण दस्तात निघाला. कलम सात त्यांनी स्वतः रचलं: ज्या वेळी सलग तीन तिमाही चाचण्यांत मी माझ्या पत्नीस ओळखणार नाही, त्या वेळी माझा भार तिच्यावर ठेवू नये. मला निवासी केंद्रात हलवावे. पत्नी सेवेपायी झिजेल हे मी जाणतो, सबब तिला महिन्यातून एकदाच भेटू द्यावे.

नोंदणीच्या दिवशी छापील कागदावर सही करताना रत्नप्रभाबाई शेजारीच बसल्या होत्या. कलम अकराच्या पुढे तीन ओळी कोऱ्या होत्या. यंत्राच्या निर्णयाला हरकत घेता येईल अशा माणसाचं नाव तिथे लिहायचं होतं. निळकंठरावांनी तिथवर वाचलं, तेवढ्यात कारकुनाने पुढचं पान काढून दिलं, कोणी तरी जुना ओळखीचा "राम राम रायटर" म्हणून गेला, त्याला यांनी राम राम केला, आणि मग खाली बघून त्या तीन कोऱ्या ओळींवर सवयीने, एका झटक्यात, तिरपी रेघ ओढली.

रत्नप्रभाबाईंनी ती रेघ बघितली. छान सरळ आलीय, एवढंच त्यांच्या मनात आलं.

*

दिवाणखान्याच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खाली, पावाच्या लादीएवढी एक करडी पेटी लावलेली होती. दोन वर्षांपूर्वी निळकंठरावांची सक्षमता गेल्याचा दाखला आला आणि त्या दिवशी ती बोलू लागली. विजेचं बिल भरणं, औषधं बदलणं, दाताच्या डॉक्टरची वेळ घेणं, सगळं तीच बघायची. सुरुवातीला रत्नप्रभाबाई उगाचच तिला काहीबाही विचारत. "अहो, गॅसवाल्याला उद्या बोलवू का परवा?" पेटीवरचा दिवा हिरवा होई आणि आवाज येई, "परवा बोलव, रत्ना." तेवढं 'रत्ना' ऐकायला त्या विचारत. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडून ते नाव केव्हाच गेलं होतं.

दोन चाचण्या चुकल्यावर मात्र त्यांनी पेटीशी बोलणं टाकलं आणि वेगळा उद्योग सुरू केला. लग्नातला फोटो काढला. त्यातल्या नऊवारीतल्या पोरीवर बोट ठेवून त्या विचारत, "ही कोण?"

"चांगल्या घरची दिसते," निळकंठराव म्हणत.

"ही रत्नप्रभा. तुमची बायको. म्हणा."

"रत्नप्रभा. माझी बायको."

"आणि मी कोण?"

"तुम्ही पक्षकार."

"नाही ओ. मीच ती. रत्नप्रभा. म्हणा बघू, ही माझी पत्नी रत्नप्रभा."

आठ दिवस, दिवसातून दहादा. पोराकडून पाढे करून घ्यावेत तसं. निळकंठराव स्वभावाने मुळात गोड माणूस. बाई एवढ्या काकुळतीला येऊन सांगतायत तर म्हणून टाकू, असं म्हणून ते म्हणत. बुधवारी संध्याकाळी रत्नप्रभाबाईंनी पाठ करून उभं राहून अचानक वळून विचारलं, "मी कोण?" तर त्यांनी पटकन उत्तर दिलं, "माझी पत्नी रत्नप्रभा." बाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तो माणूस संकोचून मागे सरकला, पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

*

गुरुवारी अकराला मनोमुद्रा कक्षाच्या फडतरे मॅडम आल्या. तिशीच्या आतबाहेरची, नीटनेटकी, कामाला वाघ असलेली बाई. चपला बाहेर काढल्या, दिलेलं पाणी प्यायल्या आणि निळकंठरावांच्या डोक्यावर टोपी बसवली. हातातल्या पाटीवर रेघा उमटू लागल्या.

"काका, बरे आहात ना?"

"उत्तम. आपलं काय काम होतं?"

"दोन-चार प्रश्न विचारते. तुमच्या शेजारी बसल्यात त्या कोण?"

रत्नप्रभाबाईंनी श्वास धरला. निळकंठरावांनी त्यांच्याकडे बघितलं, ओळखीचं हसले आणि घडाघडा म्हणाले, "ही माझी पत्नी रत्नप्रभा."

फडतरे मॅडमच्या भुवया वर गेल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता फक्त कायद्याने ठरवून दिलेलं वाक्य वाचायचं राहिलं होतं, ते मॅडमनी पाटीवर बघून वाचलं.

"आपण यांना व्यक्तिशः ओळखता का? आपलं उत्तर दस्तात नोंदलं जाईल."

निळकंठरावांचा हात चष्म्याकडे गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पाठ ताठ झाली.

"दस्तात?"

"हो काका."

"मग थांबा. घाई करू नका." ते रत्नप्रभाबाईंकडे वळून बघत राहिले, वरपासून खालपर्यंत, कचेरीत ओळख पटवायला आणलेल्या माणसाकडे बघावं तसं. "या बाई माझ्याकडे रोज येतात. नाव रत्नप्रभा तोडकर सांगतात. बाई सालस आहे, पण मी यांना व्यक्तिशः ओळखत नाही. पत्नी म्हणायचं ते यांनीच मला शिकवलंय."

"अहो!" रत्नप्रभाबाई ओरडल्या.

"माफ करा बाई. तुमची काही तरी नड असणार, त्याशिवाय कोणी असं करत नाही. पण खोटी ओळख देणं हा फौजदारी गुन्हा आहे. अडतीस वर्षांत मी दिली नाही. दुसरं काय हवं ते लिहून देतो, फी सुद्धा घेणार नाही."

सगळं निघून गेलं होतं त्या डोक्यातून. लग्न, लेक, आईचं मरण, घराचा रस्ता. प्रामाणिकपणा तेवढा शिल्लक होता, आणि त्यानेच घात केला.

फडतरे मॅडमनी पाटी हळूच रत्नप्रभाबाईंकडे वळवली.

"मावशी, हे बघा. तुम्ही जवळ बसलात की ही रेघ अशी खाली येते, शांत होते. मी बसले तर होत नाही. त्यांच्या मेंदूला तुम्ही हव्याहव्याशा वाटता. दिसतंय ते इथं, स्पष्ट."

"मग लिहा की ते!"

"रकाना नाही मावशी. ओळखतात किंवा ओळखत नाहीत, दोनच रकाने आहेत. आवडतं याला रकाना नाही."

"कलम अकरा होतं ना? हरकत घेणाऱ्याचं? तिथं माझंच नाव लिहायचं होतं त्यांना."

मॅडमनी पाटीवर बोट फिरवून पाच वर्षांपूर्वीचं पान काढलं. तीन ओळी आणि त्यांच्यावरची ती सुरेख, तिरपी रेघ.

"रेघ म्हणजे 'कोणीही नाही'. नियमात तसंच धरतात."

"अहो, ती सवय आहे त्यांची! हे बघा," म्हणून रत्नप्रभाबाई धावत कपाटाकडे गेल्या आणि खणातले दोनशे कागद आणून त्यांनी टेबलावर पसरले. चाफा, पोहणं, मुक्ता. प्रत्येकाच्या तळाशी तशीच रेघ. "दिसलं? सगळ्यांवर मारतात!"

फडतरे मॅडमनी कागद चाळले. एक-दोन वाचले. मग ते नीट रचून ठेवले. "सोमवारी अकराला गाडी येईल," त्या म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

*

नागपूरहून ऋतुजाचा फोन आला. तिला कक्षाकडून परस्पर कळलं होतं.

"आई, वाईट वाटतंय मला. पण बाबांनीच ठरवलंय ना गं? तुझ्यासाठीच ठरवलंय. आजीच्या वेळी काय झालं ते मी बघितलंय. तुझे गुडघे बघ. किती करणार आहेस अजून?"

"तुझी आजी मला चावायची. हे मला विचारतात."

"काय विचारतात?"

"काही नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. सांगून लेकीला कळलं नसतं, आणि कळलं असतं तर वाईट वाटलं असतं.

फोन ठेवून त्या भिंतीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. निळकंठराव खिडकीजवळ बसून मटार सोलत होते. दाणे एका ताटलीत, सालं दुसऱ्या; कामात चोख.

"अहो," त्या पेटीला म्हणाल्या.

दिवा हिरवा झाला. "बोल, रत्ना."

"तुम्हाला इथून नेऊ नका म्हणून सांगा."

"कलम सात स्पष्ट आहे."

"ते तुम्ही माझ्यासाठी लिहिलं होतं ना? मग मी सांगते, मला नकोय ते. मला काही त्रास नाही तुमचा. मी सुखात आहे."

"आईच्या वेळीही तू हेच म्हणायचीस. नऊ वर्षं 'मला काही त्रास नाही' म्हणत होतीस."

खरं होतं ते. तेव्हा त्या खोटं बोलल्या होत्या, आणि आता खरं बोलत होत्या, आणि दोन्ही वाक्यं अगदी सारखी होती.

"बघा तरी त्यांच्याकडे," त्यांनी खिडकीकडे हात केला. "तिथं नेलं तर भेदरतील. कोणाला विचारतील ओ ते, आपलं नाव काय म्हणून? त्यांना इथं राहायचंय."

"त्याला काय हवंय ते मोजायचं नाही, असं मीच मान्य केलंय. त्याची अक्कल गेलीय, रत्ना. तो मी नव्हे."

"मग तो कोण आहे?"

बहुधा चौदाशे प्रसंगांत हा प्रश्न नव्हता.

"एवढं तरी सांगा," बाई म्हणाल्या. "कलम अकरावर रेघ मारलीत ती मुद्दाम मारलीत, का सवयीनं?"

"त्या क्षणाची नोंद माझ्याकडे नाही. माझ्या स्वभावावरून अंदाज काढता येतो. सवयीनं मारली असण्याची शक्यता शंभरात एक्याण्णव."

"एक्याण्णव!" त्यांनी भिंतीवर हात टेकला. "आणि नाव लिहिलं असतं तर कोणाचं?"

"तुझं. दुसरं कोणाचं लिहिणार?"

"मग झालं की! तुम्हालाच ठाऊक आहे, तर मग..."

"रत्ना, पक्षकारांना मी काय सांगायचो ते आठव. मनात काय होतं ते कोणी बघत नाही. कागदावर काय आहे ते बघतात. दस्त पक्का आहे. मीच केलाय तो."

त्या आवाजात पूर्वीचा अभिमान जसाच्या तसा होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दाद मागायची कोणाकडे? खिडकीजवळून निळकंठरावांनी मटाराची ताटली उचलून दाखवली. "बाई, एवढे पुरतील का?" ते म्हणाले. रत्नप्रभाबाईंनी पुरतील म्हणून मान हलवली आणि ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

*

सोमवारी गाडी वेळेवर आली. पांढरी, आवाज न करणारी, आत मऊ खुर्ची असलेली. सोबत फडतरे मॅडम होत्या. त्यांचं यायचं काम नव्हतं, तरी आल्या होत्या. निळकंठरावांचे कपडे, औषधं, दाढीचं सामान एका पेटाऱ्यात भरलेलं होतं. बाईंनी त्यात लेजर पेपरचा एक गठ्ठा आणि चार पेनं घातली होती. हे न्यायला चालतं का, ते त्यांनी विचारलं नाही.

"काका, चला. कामावर जायचंय."

"जाऊ की. पण पक्षकार बसल्यात. त्यांचं आटपतो."

रत्नप्रभाबाई खरंच टेबलासमोर येऊन बसल्या होत्या. फडतरे मॅडमनी ड्रायव्हरला हाताने थांबायची खूण केली आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या.

"आपलं नाव?"

त्यांनी सांगितलं. वय, धंदा, सगळं सांगितलं.

"बोला. काय लिहायचंय?"

"माझ्या नवऱ्याला घरातून नेतायत. त्यांना नेऊ नये, माझ्याजवळ राहू द्यावं, असं लिहा."

निळकंठरावांनी चष्म्यावरून बघितलं. "पती हयात आहेत?"

"आहेत."

"भांडण-तंटा?"

"नाही. ते मला ओळखत नाहीत एवढंच. तेही घाला. ओळखोत न ओळखोत, माझ्याजवळच राहावेत."

"चांगलं कलम सांगितलंत. पळवाट राहायला नको." ते लिहू लागले. अक्षर अजून मोत्यासारखं होतं. पेन थांबलं तेव्हा त्यांनी खर्जात वाचून दाखवलं, "सबब लिहून देणार यांची राजीखुशीने व अक्कलहुशारीने अशी इच्छा आहे की, त्यांचे पती यांस राहते घरातून कोणीही, कोणत्याही कागदाच्या आधारे हलवू नये. पती हे लिहून देणार यांस ओळखत असोत वा नसोत, त्यांचा सहवास लिहून देणार यांस हवा आहे." मग त्यांनी चष्मा वर सरकवला. "नशीबवान माणूस आहे," ते म्हणाले.

त्यांनी कागदाच्या पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"आता ओळखदार. तुम्हाला व्यक्तिशः ओळखणारं कोणी आहे का इथं? ओळखदाराशिवाय दस्त पुरा होत नाही."

फडतरे मॅडम जमिनीकडे बघत होत्या. नोकरीचा प्रश्न होता. रत्नप्रभाबाईंनी भिंतीकडे बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या.

दिवा हिरवा झाला.

"मला ओळखता का, सांगा त्यांना."

"ओळखतो," पेटी म्हणाली. "या रत्नप्रभा निळकंठ तोडकर. माझी पत्नी. बेचाळीस वर्षं मी हिला व्यक्तिशः ओळखतो."

निळकंठरावांनी समाधानाने मान हलवली आणि आवाजाच्या दिशेने विचारलं, "आपलं नाव?"

"निळकंठ शंकर तोडकर."

"अरे वा! आमच्याच नावाचे." ते हसत हसत ओळखदाराच्या रकान्यात ते नाव लिहू लागले. मग कागदाच्या तळाशी उरलेल्या जागेवर त्यांनी ती तिरपी, ठाम रेघ ओढली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद दोन्ही हातांनी रत्नप्रभाबाईंना दिला.

"घ्या. आता कोणाच्या बापाला यात काही फिरवता यायचं नाही. नीट ठेवा."

मग ते उठले, पेन खिशाला लावलं आणि फडतरे मॅडमच्या मागोमाग, कामाला निघाल्यासारखे, गाडीत जाऊन बसले. रत्नप्रभाबाई कागद धरून फाटकापाशी उभ्या होत्या. निळकंठरावांनी काच खाली करून घेतली.

"बाई, उद्या साडेनऊला या. नक्कल काढून ठेवतो."

"येते," त्या म्हणाल्या.

पहिल्या भेटीची तारीख पेटीने सकाळीच सांगितली होती. तिला अजून एकोणतीस दिवस होते.